आमची वाटचाल: घड उतरल्यानंतरची बाग

सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे चार कात्र्या, एक करवत आणि आम्ही दोघे भाऊ, एवढंच होतं. काम एकच, द्राक्षवेलींची छाटणी. बोलावणं येईल तिथे जायचं, काड्या छाटायच्या, पुढची बाग गाठायची.

दुसऱ्याच वर्षी एका बागायतदारांनी घड उतरताच बोलावलं. त्यांना बाग लवकर मोकळी करून हवी होती. पानं हिरवीगार होती, पण काम मिळतंय म्हणून आम्ही छाटली. वसंतात त्या बागेतली फूट मागेपुढे आली. कुठे बोटभर, तर कुठे फूट जिथून निघते तो डोळा मुकाच. त्याच बागेत वेळेअभावी राहून गेलेल्या आणि पानगळीनंतर छाटलेल्या चार ओळी मात्र एकसारख्या फुटल्या होत्या. त्या चार ओळींनी आमच्या धंद्याची दिशा बदलली.

घड उतरले तरी पानांचं काम थांबत नाही. ती बनवतात ती साखर आता घडांकडे न जाता खोडात, ओलांड्यांत (खोडाच्या आडव्या जाड फांद्यांत) आणि मुळांत साठते, बरीचशी स्टार्चच्या रूपात. वसंतात डोळे फुटतात तेव्हा वेलीवर कमावतं पान एकही नसतं. पहिली फूट आणि फुलोऱ्याच्या आसपासपर्यंतची बरीच वाढ या साठ्यावर चालते. हिरवी पानं कापून आम्ही त्या बागेची पुढच्या वर्षाची शिदोरीच कापली होती. ती खंत अजून आहे.

मग आम्ही काढणीनंतरची निगा अंगावर घ्यायला लागलो. पटवणं फार अवघड गेलं. ‘फळ गेलं, आता पाणी कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक बागेत यायचा. आम्ही खोडापासून थोडं लांब माती हलक्या हाताने उकरून पांढरी मुळी दाखवायचो. शरदात माती उबदार असते, ओल मिळाली तर मुळ्या पुन्हा चालू लागतात आणि अन्नद्रव्यं उचलतात. मुळी डोळ्यांनी दिसली की निम्मी चर्चा तिथेच संपायची.

काढणीनंतर आम्ही एकदा मुळांपर्यंत मुरेल असं पाणी देतो आणि थंडी जवळ येईल तसं कमी करत नेतो. नत्र द्यायचं तर माती आणि देठ परीक्षण पाहून, थोडंच, तेही पानं काम करत असतानाच. उशिरा जास्त नत्र दिलं की वेल कोवळे शेंडे काढत बसते, आणि पहिल्या कडाक्यात ते करपतात. हिरवी काडी तपकिरी, टणक झालेली दिसली की आमचा जीव भांड्यात पडतो.

स्वच्छतेबाबत आम्ही हट्टी आहोत. वेलीवर सुकून राहिलेले घड काढतो, गळलेली पानं गोळा करतो. केवडा या वेलीच्या रोगाची बुरशी त्याच पानांत हिवाळा काढते. कोवळ्या कलमी वेलींना कडक थंडीचा धोका असेल तिथे जोडाच्या वरपर्यंत मातीची भर देतो आणि वसंतात ती आठवणीने काढतो, नाहीतर जोडाच्या वरून मुळ्या सुटतात.

छाटणी सगळ्यात शेवटी. पानं गळून वेल पूर्ण झोपली की मगच, आणि पावसात तर नाहीच. ओल्या हवेत ताज्या जखमांतून खोड पोखरणाऱ्या बुरशी आत शिरतात. त्यांचा परिणाम काही वर्षांनी ओलांडा वाळायला लागल्यावर दिसतो, तेव्हा मोठं लाकूड कापण्यावाचून फारसं हाती राहत नाही. घाईची कामं नाकारल्यामुळे काही ग्राहक गेले. त्यातले दोघे परत आले.

आज आम्ही नऊ जण आहोत. नवी बाग घेतली की पहिली भेट घड उतरल्याच्याच आठवड्यात ठेवतो. त्या दिवशी सोबत फावडं, मातीच्या नमुन्याच्या पिशव्या आणि वही असते. कात्री गाडीतही ठेवत नाही.