९८ किलोवॅट

माझा मुलगा डॉर्टमुंडला असतो. रविवारचा फोन ठरलेला. जेवलास का, थंडी किती, इकडे कुणाचं लग्न ठरलं. २०२३ च्या मार्चमध्ये मात्र सलग चार रविवार तो एकाच गोष्टीवर बोलत होता : घरमालकिणीच्या तळघरातला बॉयलर.

बॉयलर म्हटलं की माझे कान टवकारतात. कलाभवनातून इंजिनियर होऊन निघाले ती बडोद्याबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात युटिलिटीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. युटिलिटी म्हणजे वाफ, पाणी, हवा, वीज. बंद पडल्याशिवाय ज्यांची कुणाला आठवण होत नाही ती सगळी खाती. सुरुवातीला फायरमन मला ‘बेन, गरमी लागशे’ म्हणत ऑफिसात बसवायला बघायचे. पुढे तेच रात्री दोनला फोन करून विचारायचे, बेन, ड्रमची लेव्हल का नाचतेय?

तर जर्मनीत घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रांवर कायदा येणार होता. त्याचा कच्चा मसुदा फेब्रुवारीअखेर एका वर्तमानपत्राच्या हाती लागला आणि देशभर भडका उडाला. मुद्दा एका ओळीचा : १ जानेवारी २०२४ पासून जे कुठलं नवं हीटिंग बसेल, त्यात किमान ६५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतली हवी. म्हणजे व्यवहारात गॅसचा बॉयलर गेला, हीट पंप आला. (हीट पंप म्हणजे उलटा लावलेला एसी. बाहेरची उष्णता गोळा करून आत आणतो. बाहेर थंडी असली तरी आणतो, कसा ते पुन्हा कधीतरी.) एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या मसुद्यात ऐंशीच्या वरच्या घरमालकांना सूट होती. आमच्या मालकीणबाई अठ्ठ्याहत्तरच्या.

‘‘आई, त्या म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा वय कमी पडतंय.’’

आपल्याकडे असतं तर घर आजीच्या नावावर करून मोकळे झालो असतो.

त्या उन्हाळ्यात मी तिकडे गेले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. १२ जूनला पोचले. दोनच दिवस आधी बव्हेरियातल्या एर्डिंग नावाच्या गावात या मसुद्याविरुद्ध तेरा हजारांच्या आसपास माणसं जमली होती. मुलाच्या घरी बॅग ठेवून चहा झाला, आणि मी म्हटलं, चल, तळघर दाखव.

पायऱ्या उतरताना ओल्या विटांचा वास. भिंतीत एक चौकोनी झडप, गंजून बसलेली. पूर्वी तिच्यातून कोळसा आत ओतायचे. बाईंचे यजमान खाणीत होते. खाणकामगारांना घरासाठी कोळसा मिळायचा, म्हणून त्या गल्लीत गॅस उशिरा आला. रूरच्या पट्ट्यातली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये, शेजारच्या बोट्रोपला बंद झाली. तिच्या समारंभाचा फोटो जिन्यात लावलेला होता. आणि त्या झडपेच्या बरोबर खाली तो बॉयलर. १९९४ चा, पांढरा, आपल्या गोदरेजच्या कपाटाएवढा. प्रेशर दीड बारवर शांत. दारावर चिमणी तपासणाऱ्याचा कागद चिकटवलेला. तिकडे चिमणी साफ करणारा हा परवानाधारक माणूस असतो, काळे कपडे घालून येतो आणि धुराचं मोजमाप करून कागद देऊन जातो. मी चष्मा लावून तो कागद वाचला. धुराचं तापमान १६० अंश! आमच्या कारखान्यात चिमणीतून इतकी उष्णता फुकट गेली असती तर दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला असता. मालकीणबाई मागे उभ्या. मुलाकडून मला विचारवलं, ‘‘भारतातल्या इंजिनियरबाईंना काय वाटतं, चालेल का अजून?’’

मी म्हटलं, चालेल. तुमच्या-माझ्यासारखाच, खाऊन-पिऊन जास्त, काम कमी.

त्या हसल्या, पण खोटं. त्यांनी नव्या गॅस बॉयलरची ऑर्डर देऊन टाकली होती. बंदी यायच्या आत.

पुढचे तीन महिने मी एक देश एका यंत्रावर भांडताना पाहिला. बेकरीत रांगेत भांडत होते. जिन्यात भांडत होते. शेजारच्या घरातले दोन भाऊ, एक हीट पंपवाला आणि एक गॅसवाला, एकाच अंगणात पाठ करून बसायचे. टीव्हीवर हा कायदा आणणारे मंत्री रॉबर्ट हाबेक दिसले की मालकीणबाई आवाज बंद करायच्या आणि चित्र मात्र चालू ठेवायच्या, बहुधा मनातून बोलायला मोकळीक म्हणून. मला भाषा येत नाही. पण ‘हाइत्सुंग’, म्हणजे हीटिंग, हा शब्द मी तिकडे ‘धन्यवाद’च्या आधी शिकले.

जुलैत एक विलक्षण गोष्ट घडली. विरोधी पक्षाचे एक खासदार घटना न्यायालयात गेले. तक्रार काय, तर दुरुस्त्यांचा गठ्ठा इतका उशिरा हातात दिलाय की मतदानाआधी वाचायला वेळच नाही. आणि ५ जुलैला न्यायालयानं सांगितलं, बरोबर आहे, या आठवड्यात मतदान नको. मी मुलाला तीनदा विचारलं, तू नीट ऐकलंस ना? कायदा वाचायला वेळ मिळाला नाही म्हणून संसदेला थांबवलं?

८ सप्टेंबरला तो मंजूर झाला, ३९९ विरुद्ध २७५. मालकीणबाईंच्या बैठकीत आम्ही तिघं बसलो होतो, समोर आलुबुखारचा केक. तोवर कायद्याचे बरेच दात काढलेले होते. जुना बॉयलर बिघडला तर दुरुस्त करता येणार होता. सध्याच्या घरांना ६५ टक्क्यांची अट लागण्याआधी शहरानं आपला आराखडा करायचा होता, कुठल्या गल्लीत काय पुरवणार त्याचा. एक लाखाच्या वरच्या शहरांना त्यासाठी २०२६ च्या मध्यापर्यंत मुदत. बदलणाऱ्याला अनुदान ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होतं. म्हणजे बाईंना घाई करायचं काही कारणच नव्हतं. मुलानं हे त्यांना जर्मनमध्ये समजावलं. त्या बराच वेळ केककडे बघत राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या की डिपॉझिट भरलंय.

त्या एकट्या नव्हत्या. त्या वर्षी जर्मनीत ७ लाख ९० हजारांच्या घरात गॅसचे बॉयलर विकले गेले, हीट पंप ३ लाख ५६ हजार. पुढच्या वर्षी हीट पंपांचा आकडा १ लाख ९३ हजारांवर आला. गॅस कमी करायला कायदा, आणि रांग गॅसच्याच बॉयलरला. पेट्रोल मध्यरात्री महाग होणार म्हटल्यावर आपण संध्याकाळी पंपावर जातो, तेच हे. २०२५ मध्ये नवी आघाडी आली तिनं तर आपल्या करारातच लिहून टाकलं की हा हीटिंग कायदा रद्द करू.

मी परत आले. कमाटीबागेत आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा गट आहे. निम्मे दांडिया बाजार-रावपुऱ्यातले जुने मराठी, निम्मे नव्या सोसायट्यांतले गुजराती. मी ही सगळी हकिगत सांगितली तर लोकांना करमणूक वाटली. निवृत्त बँकवाले काका म्हणाले, ‘‘बरं आहे बाई, आपल्याकडे असले कायदे नाहीत.’’

‘‘आहे की,’’ मी म्हटलं.

‘‘कधी झाला?’’

१२ डिसेंबर २०२२. सोमवार. ऊर्जा संवर्धन कायद्यातली दुरुस्ती लोकसभेनं ऑगस्टमध्येच मंजूर केली होती, त्या दिवशी राज्यसभेनं केली, आवाजी मतदानानं. कुणाला आठवत नाही यात कुणाचा दोष नाही. त्याच दिवशी गांधीनगरला भूपेंद्र पटेलांचा शपथविधी होता, १५६ जागा जिंकून आलेलं सरकार. दुसऱ्या दिवशीच्या गुजराती पेपरात पहिल्या पानावर दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. मीसुद्धा जानेवारीत वाचला, जुन्या सहकाऱ्यानं राजपत्राची पीडीएफ पाठवली म्हणून. तोवर तो लागूही झाला होता, १ तारखेला.

आणि कायदा लहानसहान नाही. देशात कार्बनचा बाजार त्यातून आला : जो कारखाना ठरवलेल्यापेक्षा कमी सोडेल त्याला क्रेडिट, जो जास्त सोडेल त्यानं ती विकत घ्यायची. मोठ्या ऊर्जाग्राहकांवर बिगर-जीवाश्म ऊर्जा वापरायचं बंधन घालता येतं. मोडलं तर दंड १० लाखांपर्यंत. आम्हा कारखानेवाल्यांना यातलं अर्धं सवयीचं होतं. २०१२ पासून केंद्राच्या ‘पॅट’ योजनेत मालाच्या प्रत्येक टनामागे किती ऊर्जा जाळता याचं लक्ष्य ठरवून मिळायचं आणि त्याचा हिशेब द्यावा लागायचा. ते लक्ष्य आलं त्या आठवड्यात आमच्या खात्यात गळक्या स्टीम ट्रॅपची (वाफेच्या नळातलं साचलेलं पाणी तेवढं बाहेर सोडणाऱ्या झडपांची) मोजणी सुरू झाली. आधीची किती वर्षं ते फुसफुसत होते आणि आम्ही त्याला पावसाळी वातावरण म्हणत होतो.

पण घरात बसलेल्या माणसाला लागणारं कलम वेगळंच होतं. इमारतींची संहिता. १०० किलोवॅट जोडभार (इमारतीतल्या सगळ्या उपकरणांच्या भाराची बेरीज) किंवा १२० केव्हीए करारभार (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) असलेल्या इमारती तिच्या कक्षेत येतात, दुरुस्तीनंतर राहत्या इमारतीसुद्धा, आणि राज्यांना हा उंबरठा खाली आणता येतो. भिंत किती तापू द्यायची, काच कसली, छत कसलं, सगळं त्यात येतं. मी हे बागेत बाकावर बसून समजावत होते. शेजारच्या बेननी विचारलं, ‘‘आपणने लागु पडे?’’ मी म्हटलं, आपली सोसायटी जुनी, नाही. झालं. विषय संपला, शेवउसळीकडे वळला.

खरं सांगते, मला त्या जर्मनांचा हेवा वाटला. चुकीची भीती, चुकीची खरेदी, सगळं कबूल. पण शिव्या घालायलासुद्धा कायदा थोडासा वाचावा लागतो. आपल्याकडे कुणी शिवी पण घातली नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये गळ्याएवढं आलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्याच्या व्हरांड्यात मगर. त्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणाकुणाचा उद्धार झाला ते इथं लिहीत नाही. त्यात कायदा नव्हता.

त्याच वर्षी एक गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ होती : ७८,०००. छतावर ३ किलोवॅटचं सोलर लावलं तर केंद्राचं एवढं अनुदान. पॅनेल कुठल्या बाजूला, कुणाच्या वाट्याची गच्ची किती, यावर दोन मीटिंगा झाल्या. तिसरीत दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई उठले आणि म्हणाले, धाबा पॅनेलनी भरला तर उत्तरायणला उभं कुठं राहायचं? एकदम शांतता. चौदा जानेवारीला बडोद्यात गच्ची नाही म्हणजे दिवाळीत दार नाही. कुणीतरी सुचवलं, पॅनेल उंच स्टँडवर घ्या, खालून पतंग उडवा. दुसऱ्यानं विचारलं, मांजा अडकला तर? ठराव पुढे ढकलला तो ढकललाच. मला आनंद झाला, खरंच. डॉर्टमुंडची बेकरी आठवली.

गेल्या वर्षी सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. सात मजले, वीस फ्लॅट. बिल्डरचा एक तरुण मुलगा कागद घेऊन घरोघरी फिरत होता. माझ्याकडे आला कारण कुणीतरी सांगितलं, बेन इंजिनियर आहेत, सही लवकर मिळेल. नकाशे बरे होते. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. बडोद्याच्या मे महिन्यात! मी काही बोलले नाही. शेवटी विजेच्या भाराचा तक्ता. फ्लॅटमागे साडेचार किलोवॅट, वीस फ्लॅटचे नव्वद. लिफ्ट पाच, पंप तीन. एकूण ९८.

मी नकाशा परत उघडला. प्रत्येक फ्लॅटमध्ये तीन एसी पॉइंट. दीड टनाचा एसी, साधारण दीड किलोवॅट धरा, तिन्हींचे साडेचार झाले. मग गीझर, फ्रिज, मिक्सर, दिवे, पंखे काय देवाच्या नावावर?

‘‘भाई, हा आकडा असा कसा?’’

तो जरा घुटमळला. मग मी घरातलीच असल्यासारखा पुढे वाकून हळूच म्हणाला, ‘‘आंटी, सोनी नीचे राखवुं पडे. पेलो एनर्जीवाळो कायदो छे ने.’’ शंभरच्या खाली ठेवावं लागतं, तो एनर्जीचा कायदा आहे ना.

बागेतल्या बाकावरून, मीटिंगांतून, ग्रुपवरून ज्या कायद्याचा पत्ता नव्हता, तो बडोद्यात ज्याला ठाऊक होता असा पहिला माणूस मला तेव्हा भेटला. कलमासकट. मी त्याला बस म्हटलं, आल्याचा चहा ठेवला, आणि मग दोघं मिळून गीझर मोजायला बसलो.