तुम्ही विचारलंत म्हणून: हिटलरच्या आधीचं जर्मनी

जर्मन शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "इतिहास वाचायचाच तर हिटलरचा वाचावा. तुम्ही एकोणिसाव्या शतकात काय शोधता?" परवा एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीही हेच विचारलं. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

डिसेंबर १८३७. हॅनोव्हर राज्याची हद्द ओलांडून याकोब ग्रिम हेसमध्ये येतात. हिमगौरीची गोष्ट जगभर पोचवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी हे थोरले. तिथे एक आजी आपल्या नातवाला सांगते, यांना हात दे बाळा, हे निर्वासित आहेत. ग्रिमनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. हेस ही त्यांची जन्मभूमी. तेव्हा जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, होती ती लहानमोठी राज्यं.

झालं होतं असं. ब्रिटनचा राजा तोच हॅनोव्हरचा राजा, अशी रीत होती. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी झाली, पण काका हयात असताना हॅनोव्हरची गादी बाईला मिळत नव्हती. ही गादी काका एर्न्स्ट ऑगस्ट यांच्याकडे गेली आणि त्यांनी आल्या आल्या १८३३ ची राज्यघटना रद्द केली. हॅनोव्हरमधल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी (दोघे ग्रिम बंधू त्यांतलेच) लेखी कळवलं की आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, आम्ही तिला अजून बांधील आहोत. शपथेशी खेळणारी माणसं म्हणून विद्यार्थ्यांपुढे उभं राहिलो तर आमच्या शिकवण्याला काय अर्थ उरेल, असं त्यांचं म्हणणं. वर्गात उभं राहणाऱ्या कुणालाही हे वाचून आत काहीतरी हलेल. माझं हललं, आजही हलतं.

विद्यार्थ्यांनी त्या पत्राच्या हाताने नकला करून ते गावोगाव पोचवलं. सातही जणांची नोकरी गेली. बाकीचे बहुतेक सहकारी गप्प राहिले. डालमान, गेर्विनुस आणि याकोब ग्रिम यांना तर तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं. सातांपैकी एवाल्ड पुढे ग्यॉटिंगेनला परतले. १८६६ मध्ये प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याने हॅनोव्हर गिळंकृत केलं, तेव्हा नव्या राजाची शपथ घ्यायलाही त्यांनी नकार दिला आणि पुन्हा पद गमावलं. तीस वर्षांनीही माणूस तोच!

नोकरी गेलेल्या ग्रिम बंधूंकडे १८३८ मध्ये प्रकाशक जर्मन शब्दकोशाचं काम घेऊन आले. देश नव्हता, पण भाषा सगळ्यांची होती. पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. धाकटे विल्हेल्म १८५९ मध्ये गेले. याकोब १८६३ मध्ये गेले, तेव्हा हातातला शब्द होता 'फ्रुख्ट', म्हणजे फळ. पुढच्या पिढ्यांनी कोश १९६१ मध्ये पुरा केला. काम दोन गावी चाललं होतं: एक पूर्व बर्लिन, आणि दुसरं, जिथून याकोबना हाकललं होतं तेच ग्यॉटिंगेन.