आजोबांचे दहा गुंठे आणि शिपायाची नोकरी

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राची जागा आजोबांनी दिलेली. रस्त्याकडेचे दहा गुंठे, तेही विहिरीच्या पाण्याखालचे. तेव्हाचे पुढारी ओट्यावर बसून म्हणाले होते, "एका पोराला शिपाई म्हणून लावून घेऊ." अण्णा, म्हणजे माझे चुलते, वाट बघून म्हातारे झाले आणि पाठपुरावा माझ्या गळ्यात आला.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तर ३० दिवसांत यायला हवं होतं, आलं पहिल्या अपिलानंतर. ग्रामपंचायतीच्या ठरावात 'एका वारसास नोकरीत प्राधान्य मिळावे, अशी शिफारस' सापडली. नोंदणीकृत बक्षीसपत्रात मात्र नोकरीबद्दल अवाक्षर नाही. उलट 'कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने' आणि खाली आजोबांचा अंगठा.

वकीलसाहेबांनी तेवढंच वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे बक्षीस मोबदल्याशिवायच असतं. नोकरी ठरली होती म्हणायचं तर आपलाच दस्त आपल्या विरोधात. ठरावाचं म्हणाल तर आरोग्य खात्यातली नेमणूक ग्रामपंचायतीच्या हातात नाही. आणि समजा पक्का लेखी करार असता, तरी घटनेचं कलम १६ आडवं येतं: जाहिरात हवी, सगळ्यांना समान संधी हवी. २००६ च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मागच्या दाराच्या नेमणुका कायम करायला नकार दिला, तो याच पायावर. सरकारच्या शब्दावर विसंबून कुणी पाऊल उचललं तर सरकारला शब्द फिरवता येत नाही, हे मोतीलाल पदमपत खटल्यात १९७८ सालीच ठरलंय. पण कायद्याविरुद्ध दिलेला शब्द कोर्ट पाळायला लावत नाही.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच सल्ला, "प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढ." तो जमीन संपादित झालेल्यांसाठी असतो, दान देणाऱ्यांसाठी नाही. दाखलेवाल्यांनाही ५ टक्के समांतर आरक्षणातून भरतीला उतरावंच लागतं. पण पारावर हे कोण ऐकतंय!

तरी निवेदन दिलं. 'अशी तरतूद नसल्याने मागणी मान्य करता येत नाही,' एवढंच उत्तर, वर तिरका शिक्का.

वकिलांनी मोजणी करून घ्यायला सांगितलं, ते बरं झालं. भूमी अभिलेखचे मोजणीदार मशीन लावून बसले आणि निघालं असं, की कंपाउंड तेरा गुंठ्यांवर आहे. वरच्या तीन गुंठ्यांचं ना बक्षीसपत्र, ना संपादन. सातबारा अजून आमच्याच नावावर. इथे मात्र कायदा आमच्या बाजूने आहे. विद्यादेवी विरुद्ध हिमाचल प्रदेश या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नागरिकाच्या जमिनीवर सरकारला वहिवाटीने मालकी सांगता येत नाही. घटनेच्या कलम ३०० अ प्रमाणे कायदेशीर प्रक्रिया आणि भरपाई हवीच. त्या बाईंची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यात गेली होती, तरी उशीर झाला म्हणून त्यांना परत पाठवलं नाही.

मोजणीचा नकाशा जोडून आता त्या तीन गुंठ्यांच्या मोबदल्याची मागणी केली आहे. अण्णांना ते फारसं पटलेलं नाही. त्यांचं अजून म्हणणं, पैसे राहू देत, नातवाला तेवढं चिकटवा.