टेस्टोस्टेरॉन 1240, स्पर्म काउंट शून्य : माझा अनुभव

लिहू की नको यातच दोन महिने गेले, पण आमच्या जिममधली अजून तीन पोरं तेच टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतायत असं कळलं आणि मग राहवलं नाही.

मी मूळचा सांगलीकडचा, नोकरीला पुण्यात, वय 33. लग्नाच्या सहा महिने आधी ट्रेनर म्हणाला, भाऊ तुझं टेस्टोस्टेरॉन कमी असणार, आठवड्याला 250 मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन घे आणि बघ. रक्त न तपासताच. मी दोन वर्षं घेतलं. फरक पडला, खोटं कशाला सांगू, खांदे भरले, झोप कमी झाली तरी दिवसभर जोर असायचा, आणि मला वाटायचं हा पुरुषांचाच हार्मोन आहे म्हणजे मूल व्हायला मदतच होणार.

दीड वर्ष दिवस राहिले नाहीत. घरच्यांनी आणि मीही आधी बायकोलाच तपासायला नेलं, सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्सरे, तो तर तिला फार दुखला, सगळं नॉर्मल. माझी तपासणी म्हणजे एक डबी, ती सगळ्यात शेवटी. याचं मला आजही वाईट वाटतं. रिपोर्टवर काउंटच्या पुढे ‘निल’. पुन्हा दिली, पुन्हा निल.

एका ठिकाणी सरळ डोनरचे शुक्राणू घ्या म्हणून सांगितलं. मी इंजेक्शनचं बोललो नव्हतो आणि त्यांनीही विचारलं नाही. बायकोच म्हणाली, अरे अजून एकांना दाखवू, म्हणून हार्मोनच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, जिममध्ये काही घेता का? सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन 1240, एलएच 0.1, एफएसएच 0.2. मॅडमनी पेनाने शेवटच्या दोन आकड्यांना गोल केला आणि म्हणाल्या, हे दोन तळाला गेलेत हीच तुमच्यासाठी चांगली बातमी आहे.

मला काहीच कळेना, मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूतला हायपोथॅलॅमस साधारण दीड-दोन तासांनी जीएनआरएच नावाच्या हार्मोनची एक पिचकारी सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते, एलएच वृषणाला सांगतो टेस्टोस्टेरॉन बनव, एफएसएच शुक्राणू वाढवणाऱ्या पेशींना कामाला लावतो. आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की तेच मेंदूला जाऊन सांगतं, आता बास. त्यातलं थोडं शरीरात इस्ट्रोजेन होतं, हो पुरुषातही, आणि मेंदूला आवरण्यात त्याचा वाटा मोठा असतो. माझी छाती हुळहुळी झाली होती ती त्याच इस्ट्रोजेनने.

मला हे आमच्या विहिरीवरून समजलं. मोटार विहिरीचं पाणी आधी शेजारच्या बागेला देते आणि मग घरच्या टाकीत चढवते. टाकी भरली की आबा मोटार बंद करतात. आता टाकीत कुणी रोज टँकर ओतला तर टाकी कायम फुल्ल, मोटार कायम बंद, आणि बाग वाळून जाते. शुक्राणू म्हणजे ती बाग, त्यांना वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन लागतं जे रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, बाहेरून टोचलेलं तिथे पुरत नाही. हेच हेरून टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनवर पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मोठी चाचणी केली, 1990 साली तिचे निष्कर्ष छापून आले, आठवड्याला 200 मिलिग्रॅमची. मी 250 घेत होतो!

वृषणच खराब असते तर सहसा एफएसएच खाली न जाता वर जातो, कारण मेंदू ओरडून ओरडून काम मागतो. माझा मेंदू गप्प होता, म्हणजे मोटार बहुतेक जळली नव्हती, बंद होती.

इंजेक्शन बंद केलं. पुढचे दीड-दोन महिने फार वाईट गेले, बाहेरचं थांबलं आणि आतलं सुरू नाही, जिना चढलो की दम, मन कशातच लागेना, बायकोजवळ जायची इच्छाच गेली. या काळात परत टोचून घ्यावंसं वाटतं आणि बरेच जण तिथेच अडकतात. मला एचसीजी दिलं, ते एलएचसारखं थेट वृषणाला हाक मारतं, पण मेंदू तसा झोपलेलाच, म्हणून नंतर क्लोमिफिन, जे मेंदूला इस्ट्रोजेन दिसूच देत नाही आणि मग तो कमी आहे समजून एलएच, एफएसएच सोडायला लागतो. बायकांना बीज फुटायला देतात तीच गोळी. केमिस्टने विचारलं, वहिनींसाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. (हे सगळं रिपोर्ट बघत बघत डॉक्टर देतात, ट्रेनरकडून घेऊ नका.)

तिसऱ्या महिन्यात पुन्हा निल आला तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. मॅडम म्हणाल्या, एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तुम्ही पेरणीच्या दुसऱ्या दिवशी कणीस शोधताय. पाचव्या महिन्यात स्लाइडवर तुरळक दिसले. सातव्यात एका मिलिलिटरमध्ये 30 लाख. अकराव्यात 1 कोटी 90 लाख, आणि जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख आहे.

मग गोळीही थांबवली आणि सहा आठवड्यांनी रक्त दिलं. रिपोर्ट बायकोच्या मोबाइलवर आला, तिने ऑफिसातून फोन करून वाचून दाखवला, टेस्टोस्टेरॉन 430, एलएच 4.1, एफएसएच 3.6. मी तिला एलएच परत वाचायला लावलं.