वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: २.७ किलोमीटरच्या विमानप्रवासाला किती वेळ ठेवावा?

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन विमानतळांमधलं अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. १९६७ पासून चालू असलेली लोगनएअरची ही सेवा जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण म्हणून ओळखली जाते. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात, विक्रम ५३ सेकंदांचा आहे. वारा बरोबर दिशेचा असला तर विमान सरळ समोरच्या बेटावर उतरतं, नाहीतर वळसा घालावा लागतो आणि वेळ वाढतो.

पण त्या दोन मिनिटांसाठी हाताशी किमान दोन दिवस ठेवा. जूनमध्ये आईला घेऊन गेलो, तर पहिल्या दिवशी ऑर्कनीच्या मुख्य गावी, कर्कवॉलला, समुद्रावरून असं धुकं आलं की सकाळचं विमान सुटलंच नाही. एक दिवस जास्तीचा धरला होता म्हणून निभावलं.

एडिंबराहून कर्कवॉल सव्वा तासाच्या आसपास. तिथून वेस्ट्रेला छोटं विमान किंवा मोटारी नेणारी बोट. बोटीला साधारण दीड तास लागतो, पण ती वेस्ट्रेच्या दक्षिण टोकाला रॅपनेसला लागते आणि विमानतळ पार उत्तर टोकाला आहे. गाडीची सोय आधीच करून ठेवा. तिकीट काढताना विमान कोणत्या क्रमाने बेटं घेतं ते नीट पाहा. काही फेऱ्या कर्कवॉलहून थेट पापा वेस्ट्रेला जातात, मग हा टप्पा हुकतो. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतो, युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही.

विमान आयलँडर जातीचं, दोन पंख्यांचं, आठेक प्रवाशांचं. कोण कुठे बसणार ते वजनाचा तोल पाहून ठरतं. आईला वैमानिकाच्या शेजारची जागा मिळाली. सामान कमी आणि मऊ पिशवीत घ्या. आवाज मोठा असतो, कानात कापूस असू द्या. चाकं जमिनीवरून सुटली, खाली हिरवट निळं पाणी दिसलं, आणि आईने मागे वळून काही विचारायच्या आत आम्ही उतरलोसुद्धा.

बरेच जण लगेच परत फिरतात. तसं करू नका, एक रात्र तरी राहा. पापा वेस्ट्रेच्या पश्चिम किनाऱ्यावर नॅप ऑफ हॉवर आहे: साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, एकमेकांना चिकटून उभी असलेली दोन दगडी घरं. चालत जाता येतं. दगडावर दगड, मध्ये चुना नाही की काही नाही, आमच्या कोकणातल्या गडग्यासारखी रचाई. दार इतकं बुटकं की आई वाकून आत गेली आणि भिंतीवर हात ठेवून बराच वेळ गप्प उभी राहिली. ‘चूल कुठे असेल रे यांची?’ एवढंच म्हणाली. इतक्या लांब आलो त्याचं मला तिथे सार्थक झालं.

परतीला वाऱ्यामुळे विमान रद्द झालं तर घाबरू नका. समुद्र शांत असेल तर पापा वेस्ट्रेहून वेस्ट्रेच्या पिअरोवॉल गावाला प्रवासी होडी जाते. तिला अर्धा तास धरा, आणि जाड स्वेटर जूनमध्येही अंगावरच असू द्या.