ससून, भोसरी, बाल्टिमोर

सोमवार

१९८८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या फोगार्टी केंद्राने एड्सच्या आंतरराष्ट्रीय संशोधन-प्रशिक्षणासाठी तिकडच्या विद्यापीठांना अनुदान द्यायला सुरुवात केली. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स त्यांतलं एक. पैसा विद्यापीठाच्या हाती, पण शिकणारा गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशातला, आणि शिकून त्याने आपल्याच देशात काम करावं ही अपेक्षा. कोणी पदव्युत्तर पदवी घ्यायची, कोणी डॉक्टरेट, कोणी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम. भारतात एचआयव्हीचं निदान १९८६ मध्ये चेन्नईत झालेलं होतं, पण भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘नारी’, उभी राहिली १९९२ मध्ये. म्हणजे प्रशिक्षणाची योजना आधी तयार होती आणि शिकायला पाठवायची माणसं ज्या संस्थेत असणार ती नंतर आली.

नारी आणि हॉपकिन्सच्या सुरुवातीच्या कामात यंत्रांपेक्षा गुप्तरोगाची ओपीडी महत्त्वाची होती. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या अशा ओपीडींत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या, ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात ४९.९ टक्के एचआयव्हीने बाधित, दुसऱ्यात १३.६ टक्के. दुसऱ्या गटातल्या बहुतेकींचा जन्मभरात एकच जोडीदार, तो म्हणजे नवरा. हा निबंध १९९७ मध्ये छापून आला. ‘धोक्याचे गट’ असं म्हणत ज्यांनी जाहिराती आखल्या होत्या, त्यांची या आकडेवारीने पंचाईत केली. लग्न झालेल्या, घराबाहेर कुठलाही संबंध नसलेल्या बाईला ‘जोडीदार मर्यादित ठेवा’ असं सांगून काय उपयोग?

मंगळवार, रात्री

प्रशिक्षण म्हटलं की डोळ्यासमोर बाल्टिमोरचं वर्गखोलीतलं शिक्षण येतं. मला विचाराल तर ते दुय्यम. संख्याशास्त्र कुठेही शिकता येतं. ज्याच्यावाचून औषधाची चाचणी कोसळते ते शिक्षण प्रयोगशाळेच्या ओट्यापाशी होतं.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून गोठवायचं काम घ्या. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यायचं, नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची, झटकायची नाही. नेताना खोलीच्या तापमानाला ठेवायचं. इथेच नवखा माणूस फसतो: पुण्याचा मे महिना बघून तो नळ्या बर्फात घालतो. रक्त थंड झालं की ग्रॅन्युलोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक, इथे नको असलेला प्रकार) पेशींची घनता बदलते आणि त्या नको त्या थरात येऊन बसतात. म्हणून बर्फ नाही, पण बंद गाडीच्या डिकीतही नाही, तर खोलीच्या तापमानाला आणलेल्या जेल-पॅकच्या पेटीत. रक्त घेतल्यापासून सहा-आठ तासांच्या आत काम सुरू झालं पाहिजे.

मग रक्तात तेवढंच सलाइन बफर मिसळायचं आणि नळी तिरकी धरून फिकॉल या, घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या, द्रवावर ते सावकाश सोडायचं. सेंट्रिफ्यूज यंत्रात ४०० जी (गुरुत्वाच्या चारशे पट) जोराने तीस मिनिटं फिरवायचं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर यंत्र झटक्यात थांबतं आणि मधलं पांढरं कडं विस्कटतं. ते कडं पिपेटने उचलून दोनदा धुवायचं, ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना चढणारा रंग) घालून जिवंत पेशी मोजायच्या. गोठवताना दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू न देणारं रसायन) असलेलं द्रावण वापरतात. साध्या तापमानात ते पेशींना विषारी असतं, त्यामुळे एकदा मिसळलं की फोन घ्यायचा नाही, चहा प्यायचा नाही. मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत आणि तिथून द्रव नायट्रोजनच्या टाकीत. साधी चिकटपट्टीची लेबलं उणे ८० ला गळून पडतात. नाव नसलेली कुपी म्हणजे रुग्णाने फुकट दिलेलं रक्त.

आणि वीज. जनरेटर आहे एवढ्यावर भागत नाही, तो आपोआप सुरू होतो का हे दर आठवड्याला मेन स्विच पाडून बघावं लागतं.

गुरुवार

आईकडून बाळाला एचआयव्ही जाऊ नये म्हणून दिलेल्या नेविरापिन या औषधाची हकीकत एकदा सलग लिहून ठेवावी असं वाटलं.

युगांडात मेकेरेरे विद्यापीठ आणि हॉपकिन्स यांच्या सहकार्याने झालेल्या चाचणीचा निकाल १९९९ मध्ये आला. कळा सुरू झाल्यावर आईला २०० मिलीग्रॅमची एक गोळी आणि जन्मल्यापासून ७२ तासांत बाळाला किलोमागे दोन मिलीग्रॅम, एकदाच. साडेतीन महिन्यांच्या सुमारास नेविरापिन गटात १३.१ टक्के बाळं बाधित होती, एझेडटी या दुसऱ्या औषधाच्या थोड्या दिवसांच्या कोर्सवर २५.१ टक्के. एवढं स्वस्त, एवढं सोपं औषध दुसरं नव्हतं. प्रश्न राहिला अंगावरच्या दुधाचा. बाळंतपणात वाचलेलं बाळ पुढे स्तनपानातून बाधित होत होतं, आणि बाटलीचं दूध द्या म्हणावं तर पाणी उकळण्यापासून सगळी अडचण, वर सासूचा प्रश्न: ‘पाजत का नाहीस?’

त्यावर इथिओपिया, युगांडा आणि पुणे अशा तीन ठिकाणी सहा आठवड्यांच्या नेविरापिनची चाचणी झाली. पुण्याचं काम बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयात. आठव्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत बाळाला रोज ५ मिलीग्रॅम. औषध एका मिलीलिटरमध्ये दहा मिलीग्रॅम, म्हणजे रोज अर्धा मिलीलिटर. तळाशी साका बसतो, म्हणून बाटली हलवल्याशिवाय औषध काढायचं नाही. न हलवता दिलं की पहिले दिवस पातळ आणि शेवटचे दिवस घट्ट. आणि मोजायला चमचा नाही, एक मिलीलिटरची तोंडावाटे द्यायची सिरिंज. समुपदेशिकेने आईला समोर बसवून एक डोस स्वतःच्या हाताने काढायला लावायचा. सांगून समजलं असं धरायचं नाही.

तिन्ही ठिकाणचे निकाल एकत्र करून २००८ मध्ये छापले गेले. जन्मतः बाधित नसलेल्या बाळांपैकी सहा आठवड्यांना एका डोसच्या गटात ५.३ टक्के बाधित, रोजच्या डोसच्या गटात २.५ टक्के. सहा महिन्यांना तो फरक ९.० आणि ६.९ असा आकसला आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने पक्का राहिला नाही. औषध थांबलं, दूध चालूच राहिलं, त्यामुळे हे व्हायचंच होतं. वर प्रतिकाराचा प्रश्न. नेविरापिन अंगातून फार हळू जातं, आईच्या रक्तात एका गोळीचा अंश दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि विषाणूला एका जागी बदल केला तरी पुरतो. रोजचं औषध घेऊनही जी बाळं बाधित झाली, त्यांच्यात असा प्रतिकारक विषाणू जास्त सापडला. आता २०१४ पासून भारतात गरोदर स्त्रीला तीन औषधं सुरू करून ती आयुष्यभर देतात, एका गोळीचे दिवस संपले. तरीही दूध पाजण्याच्या काळात औषधाचं छत्र बाळावर राहिलं पाहिजे, ही गोष्ट या चाचण्यांनी दाखवली होती.

शुक्रवार

काल बाळांच्या तपासणीबद्दल लिहायचं राहिलं. आईच्या प्रतिद्रव्यांचा अंश बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत असू शकतो, म्हणून नेहमीची अँटीबॉडी तपासणी बाळाला निरुपयोगी. पीसीआर (थेट विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी) लागतो, आणि तो गावोगावी नसतो. मग टाचेतून रक्त घेऊन ते छापील वर्तुळांच्या गाळण-कागदावर वाळवून पाठवायचं. स्पिरिटने पुसल्यावर टाच पूर्ण सुकू द्यायची, नाहीतर रक्त पातळ होतं. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा थेंब एकाच वेळी वर्तुळभर पसरू द्यायचा, पुन्हा वरून थेंब टाकायचा नाही. टाच पिळायची नाही. कार्ड आडवं ठेवून, ऊन आणि पंखा दोन्ही टाळून, किमान चार तास वाळवायचं. जुलैमध्ये पुण्याच्या हवेत चार तास पुरत नाहीत, रात्रभर ठेवावं. मग ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत, आणि आत ओलावा दाखवणारं कार्ड. त्या कार्डाचा रंग निळ्याचा गुलाबी झाला असेल तर पुड्या बदलायच्या.

याहून कठीण काम आईला परत आणण्याचं. बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. नाव नोंदवलं पुण्यात, बाळंतपण सोलापूरला आणि सहाव्या आठवड्याची तारीख कॅलेंडरवरच राहते. त्यामुळे नोंदणीच्या दिवशीच माहेरचा पत्ता, एसटीचा थांबा, कोणाच्या फोनवर काय बोललेलं चालेल आणि काय मुळीच नाही, हे सगळं लिहून घ्यावं लागतं. ‘दवाखान्यातून’ असं फोनवर म्हणायचं की नाही हेही. संमतीपत्राची प्रत घरी न्यायचा तिचा हक्क आहे, पण घरच्यांच्या हाती तो कागद पडला तर काय, हे तिच्याशी बोलून ठरवायचं. ती वाचू शकत नसेल तर निःपक्ष साक्षीदार, तिचा अंगठा, आणि साक्षीदाराची तारखेसह सही. मराठी मसुदा पुन्हा इंग्रजीत करून मूळ मजकुराशी पडताळतात, तेव्हा कोण कोणत्या गटात जाईल हे सांगणारे ‘यदृच्छा’सारखे शब्द निघून ‘चिठ्ठी टाकल्यासारखं’ असं काहीतरी आलं तर बरं. अमेरिकेच्या पैशातलं काम असल्याने मंजुऱ्या इथल्या नैतिकता समितीच्या, तिकडच्या समितीच्या आणि वर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत होणाऱ्या परदेशी सहकार्याच्या छाननीच्या. त्याला वेळ लागतो. अनेकजण कुरकुरतात, मला ही छाननी हवी वाटते.

शनिवार

ससूनच्या त्या बाळंतिणींच्या पाठपुराव्यातून निघालेला एक निष्कर्ष मूळ प्रश्नापेक्षा मोठा निघाला. २००२ ते २००५ मध्ये ७१५ बाधित मातांपैकी २४ जणींना बाळंतपणानंतरच्या वर्षात क्षयरोग झाला. क्षय झालेल्या मातांच्या मृत्यूची शक्यता २.२ पट आणि त्यांच्या बाळांची ३.४ पट. मुळात चाचणी विषाणूची होती, क्षय कोणी शोधत नव्हतं. पण दर भेटीला खोकला, ताप, वजन विचारायचा नियम पाळला गेला म्हणून तो दिसला. रकाना रिकामा सोडायचा नाही, चुकलेला आकडा एका रेघेने खोडून त्यावर तारीख आणि आद्याक्षरं टाकायची, व्हाइटनर नाही: नवीन परिचारिकेला पहिल्या दिवशी हे कंटाळवाणं वाटतं.

तिथून पुढचा प्रश्न असा आला की क्षय टाळणारं आयसोनियाझिड गरोदरपणातच द्यावं की बाळंतपणानंतर. आठ देशांत ९५६ स्त्रियांवर ती चाचणी झाली, पुणे त्यात होतं. २०१९ मध्ये निकाल आला: यकृताच्या तक्रारींसारखे मातेचे गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखे, १५.१ आणि १५.२ टक्के. पण गर्भपात, मृतजन्म, कमी वजन, अकाली जन्म, जन्मजात व्यंग असे गरोदरपणाचे वाईट निकाल आधी सुरू केलेल्यांत २३.६ टक्के आणि नंतर सुरू केलेल्यांत १७ टक्के. या स्त्रिया जवळपास सगळ्याच एआरटीवर (एचआयव्हीच्या नेहमीच्या औषधांवर) होत्या आणि क्षय दोन्ही गटांत अगदी थोडा झाला. त्यामुळे ओपीडीत गरोदर बाईपुढे बसलेल्या डॉक्टरला आता सरसकट उत्तर नाही. घरात थुंकीत जंतू असलेला रुग्ण आहे का, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती, एआरटी कधीपासून, हे विचारूनच गोळी आज सुरू करायची की बाळंतपणानंतर, ते ठरवायचं.