धक्क्यावरचा हिरवा दिवा

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची 1925 साली प्रसिद्ध झालेली 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी तृतीय वर्षाच्या वर्गाला शिकवताना रंगप्रतीकांचा तास मी अनेक वर्षे एकाच पद्धतीने घेत आले होते. नायक गॅट्सबीची दुरावलेली प्रेयसी डेझी हिचा पांढरा पोशाख, राखेच्या खोऱ्यातला करडा रंग, पैशाचा पिवळा आणि पाण्यापलीकडे डेझीच्या घरापुढच्या धक्क्यावर रात्रभर जळणारा हिरवा दिवा, असा क्रम ठरलेला असे. त्या दिवशी आशेची वाक्ये मी फळ्यावर हिरव्या मार्करने लिहिली, मृत्यूची लाल मार्करने, आणि दुसऱ्या बाकावरच्या विद्यार्थ्याला हिरवी वाक्ये वाचायला सांगितले. त्याने पहिलेच वाक्य लाल अक्षरांतले वाचले. वर्ग हसला आणि मीही जरा तुटकपणेच विचारले, "लक्ष कुठे आहे तुझं?"

तो उभाच राहिला. "मॅडम, मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. लहानपणापासून असंच आहे," असे म्हणून थोडे थांबून त्याने विचारले, "मग गॅट्सबीचा दिवा मी कसा वाचायचा?"

मी त्याची माफी मागितली. त्याच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून फळा पुसला आणि सर्वांना पहिल्या प्रकरणाचा शेवट पुन्हा वाचायला लावला. गॅट्सबी अंधारात पाण्याकडे हात पसरून उभा आहे, दुरून पाहणाऱ्या निकला, म्हणजे कादंबरीच्या निवेदकाला, तो थरथरत असल्याचे जाणवते, आणि समोर एकच दिवा आहे, हिरवा, अगदी लहान आणि फार दूर. वाचून झाल्यावर तो विद्यार्थी म्हणाला, "रंगासाठी एकच शब्द आहे, मॅडम. लहान आणि दूर हे दोन शब्द मला पुरतात."

मग आम्ही पाचव्या प्रकरणाकडे गेलो. तिथे पाच वर्षांच्या विरहानंतर डेझी गॅट्सबीच्या शेजारी उभी आहे, बाहेर धुके आहे आणि तो तिला त्या दिव्याविषयी सांगतो. नेमक्या त्याच क्षणी, त्याला भारून टाकणाऱ्या वस्तूंपैकी एक कमी झाली, अशी नोंद निक करतो. दिव्याचा रंग तसूभरही बदललेला नसतो. मधले पाणी तेवढे उरलेले नसते. गॅट्सबीचे सारे प्रेम त्या पाण्याच्या रुंदीवर उभे होते आणि डेझी हाती लागताच त्याला आनंदाबरोबर एक पोकळी का जाणवते, हे इतक्या वर्षांत मी वर्गाला कधी इतके नीट सांगू शकले नव्हते. 'हिरवा म्हणजे आशा' हे गाइडमधले समीकरण वहीत उतरवून घेतले की विद्यार्थी त्या पोकळीपर्यंत पोहोचतच नाहीत, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टाफरूमच्या दारात पुस्तक घेऊन उभा होता. सातवे प्रकरण उघडलेले होते. दाटत्या अंधारात मर्टलला, डेझीच्या नवऱ्याच्या प्रेयसीला, चिरडून गेलेली गॅट्सबीची मोटार पिवळी आहे, हे आम्ही सगळेच पाठ केल्यासारखे सांगतो. पण मायकेलिस या साक्षीदाराला तिच्या रंगाची खात्री नव्हती आणि पहिल्या पोलिसाला त्याने ती फिकट हिरवी असल्याचे सांगितले होते. त्या ओळीखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती. माझ्या प्रतीत ती ओळ कोरी होती.